पहाटेच्या पाळीची गाडी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी जुनी मोटारसायकल आहे आणि मला जुनी म्हटल्याचा मुळीच राग येत नाही. शंभर सीसीचं इंजिन, चार गिअर, काळा रंग आणि टाकीच्या डाव्या बाजूला बशीएवढा पोचा. वेगाचं विचाराल, तर वारा पाठीशी असला की बरी पळते. पण आज मी इतकी खुशीत आहे, की स्टँडवर नुसतं उभं राहवत नाही. का, ते कळायला तुम्हाला माझी सगळी हकिकत ऐकावी लागेल, आणि मी काही ती थोडक्यात सांगणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्यावर माझ्या शेकडो बहिणी रांगेने उभ्या होत्या. कुणाला चाकं बसत होती, कुणाला टाकी. शेवटी एका कामगाराने मला पेट्रोलचा पहिला घोट पाजला, किक मारली आणि मी जोरात आवाज काढला. त्या गोंगाटात तो कुणाला ऐकूही गेला नसेल. मला मात्र वाटलं, की सगळा कारखाना माझ्याकडेच वळून बघतोय.

शोरूममध्ये मला दर्शनी काचेपाशी जागा मिळाली नाही. तिथे मोठ्या, रुबाबदार गाड्या होत्या. मी मागे, बिलं करायच्या टेबलाजवळ. तरी तिसऱ्याच दिवशी माझी विक्री झाली. लोक रुबाबदार गाड्यांना हात लावून बघायचे, त्यांच्यावर बसून आरशात भांग नीट करायचे आणि मग हळूच मागे येऊन माझी किंमत विचारायचे. हे बघून मला फार हसू यायचं.

माझे पहिले मालक घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. सगळे त्यांना मीटरवालेच म्हणत. दिवसाला साठ-सत्तर घरं. प्रत्येक दारात गाडी बंद करायची, आकडा लिहायचा, पुन्हा किक मारायची. दिवसाला सत्तर किका खाल्ल्या की कुठलीही गाडी एक तर मोडते, नाहीतर पोलादी होते. मी पोलादी झाले. मीटरवाले दर महिन्याला माझं ऑइल बघायचे, साखळी पुसायचे, आणि केलेलं काम तारखेसह वहीत लिहायचे. गंमत म्हणजे, सगळ्यांचे मीटर वाचणाऱ्या या माणसाने माझा किलोमीटरचा मीटर बंद पडला तेव्हा तो दुरुस्तच केला नाही. म्हणाले, "दिवसभर आकडेच बघतो बाई. निदान तुझे तरी नकोत." तेव्हापासून माझा आकडा अठरा हजारांवर जो थांबला, तो थांबलाच.

पुढे मीटरवाले निवृत्त झाले. गुडघ्यांनी दगा दिला आणि किक मारणं जमेना. मला जिन्याखाली उभं करून अंगावर एक जुना पडदा टाकला. पहिले काही दिवस ते येऊन सीटवर थाप मारून जायचे, नंतर तेही थांबलं. टायर बसले, बॅटरी मेली, एका मांजरीने सीटवर पिल्लं घातली. दोन वर्षं मी त्या पडद्यातून फक्त पावलांचे आवाज ऐकले. मग त्यांच्या मुलाने मला जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला विकून टाकलं, सोबत ती वहीही दिली.

हा दुकानदार गृहस्थ चष्मा कायम कपाळावर ठेवायचा आणि तो दिवसभर शोधायचा. माणूस वाईट नव्हता, पण बेरकी होता. गिऱ्हाईक निघाल्याचा फोन आला, की हा पठ्ठ्या चांगल्या किमतीच्या गाड्या आधीच सुरू करून तापवून ठेवायचा. तापलेली गाडी अर्ध्या किकमध्ये सुरू होते आणि गिऱ्हाईक हुरळून जातं. थंड इंजिनाची खरी कुरकुर ऐकायला मिळतेय कुणाला! मला मात्र त्याने कधी तापवलं नाही. त्याने माझ्यात नवी बॅटरी घातली, चाकांत हवा भरली, तपासून रस्त्यावर चालवायचा कागद करून घेतला, आणि मला मागे भिंतीला लावून ठेवलं. चार महिन्यांत माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एक दिवस तो फोनवर म्हणाला, "ती काळी ना? या शनिवारपर्यंत नाही गेली तर भंगारात देतो. वजनावर जाईल." मित्रांनो, टाकीतलं होतं नव्हतं तेवढं पेट्रोल तिथेच आटतंय की काय, असं मला झालं.

शुक्रवारी दुपारी एक मुलगी आणि तिचे बाबा दुकानात आले.

मुलगी बावीस-तेवीसची, उंचीने बेताची, पण चाल अशी की जमीन तिनेच विकत घेतलीय. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करणारे. त्यांच्या शर्टाच्या खिशात लांब निमुळत्या नळीची तेलाची छोटी कुपी होती आणि बोलताना त्यांचा हात सारखा तिच्याकडे जायचा. दोघांच्या बोलण्यातून मला सगळं कळत गेलं. मुलगी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नव्याने लागली होती. रुग्णांचा नाश्ता व्हायच्या आत रक्ताचे नमुने घ्यायचे, म्हणून पाळी सकाळी सहाला सुरू. घर चौदा किलोमीटरवर आणि पहिली बस सुटायची तीच सहाला. इतके दिवस ती एका दुधाच्या गाडीतून जात होती, पण सोमवारपासून त्या गाडीचा रस्ता बदलणार होता. पहिले तीन महिने तिच्या कामाची पारख होणार होती, मगच नोकरी कायम. दोनदा ती उशिरा पोहोचली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला, की तिच्या जागी दुसरं कुणीतरी येणार होतं.

"म्हणजे काका," ती दुकानदाराला म्हणाली, "मला सोमवारी सकाळी सहाच्या आत पोहोचवणारी गाडी हवी. दिसायला कशी का असेना."

दुकानदाराने तिला थेट लाल गाडीपाशी नेलं. ती लाल गाडी म्हणजे आमच्या दुकानाची महाराणी. रुंद टायर, उंच सीट, आवाज असा की शेजारच्या खिडक्या थरथराव्यात. बाबांचे डोळे चमकले. दुकानदाराने बटण दाबलं आणि महाराणी लगेच गुरगुरली.

"बघा! एका बोटावर!"

मुलीने इंजिनाच्या बाजूला हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. "काका, ही तर गरम आहे. आज कुठे जाऊन आली का?"

"छे, ऊन लागलं असेल."

"सावलीत?"

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा शोधायला सुरुवात केली. बाबा खोकले. मी भिंतीपाशी उभ्या उभ्या मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवण्याआधी ती दोनदा तपासून बघणारी मुलगी होती. ती लाल गाडीवर बसलीही. तिचे पाय जेमतेम चवड्यांवर टेकत होते आणि गाडी एका बाजूला कलली तेव्हा बाबांनी धावत येऊन धरली. मग तिने विचारलं, की लिटरला किती जाते. दुकानदाराने एक आकडा सांगितला, तिने त्यातून निम्मा वजा केल्यासारखा चेहरा केला, आणि हिचा एखादा भाग गेला तर कुठे मिळतो असं विचारलं.

"मागवावा लागतो. आठ दिवस."

"आठ दिवस मी उडत जाऊ का?"

बाबांनी तिला बाजूला घेतलं. "अगं, सगळे पैसे घालू. काय रोज रोज गाडी घेतोय का आपण?"

"सगळे नाही बाबा. हेल्मेट त्यातच बसवायचं, विमा त्यातच, आणि थोडे बाजूला राहू द्यायचे. जुनी गाडी घेतोय, पहिल्याच महिन्यात काहीतरी निघणार."

मग ती इकडेतिकडे बघू लागली आणि तिची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, तुम्ही कधी वर्गात बाईंनी आपलं नाव घ्यावं म्हणून बाकावर अर्धे उभे राहिला आहात का? माझं अगदी तसं झालं.

ती आली. आधी तिने माझ्या इंजिनावर हात ठेवला. मी गार. चार महिने कुणी विचारलं नाही म्हणून गार! माझी उपेक्षाच त्या क्षणी माझ्या कामी आली. तिने सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. आकड्याकडे बघितलं आणि बाबांना माझं पुढचं चाक उचलून फिरवायला लावलं. आकडा हलला नाही.

"काका, हा अठरा हजार कधीपासूनचा?"

"बंद आहे तो," दुकानदार या वेळी सरळ म्हणाला. माझ्यासाठी खोटं बोलायचाही त्याला कंटाळा आला होता. "पण आधीच्या मालकाची वही आहे. सगळं लिहिलंय."

तिने वही उभ्यानेच वाचून काढली. बारा वर्षांच्या तारखा. वाचता वाचता तिचा चेहरा मऊ होत गेला. मग तिने थंड इंजिन सुरू करायचा चोक ओढला आणि किक मारली. मी खोकले. दुसरी किक. मी पुन्हा खोकले, आणि आता भंगाराचा काटा मला समोर दिसू लागला. तिसऱ्या किकला मी अशी काही पेटले, की माझ्या सायलेन्सरमधून मांजरीच्या काळातली सगळी धूळ बाहेर पडली. बाबा शिंकत सुटले. मुलगी मान वाकडी करून माझा आवाज ऐकत राहिली.

"ही थंडीत तीन किका घेणार," ती म्हणाली. "पण खरं बोलतेय."

अशी मी विकली गेले, त्याच शुक्रवारी. तिच्या पैशांत मी बसले, एक चांगलं हेल्मेट बसलं, विमा बसला आणि वर थोडे उरलेही. हेल्मेट एकच, म्हणून बाबा बसने गेले आणि मला घरी नेताना ती गाणं म्हणत होती. सूर फारसा नव्हता, पण मी मीटरवाल्यांची शिट्टी बारा वर्षं ऐकली होती, मला काहीही चालतं.

रविवारी बाबांनी मला आपल्या मशीन दुरुस्तीच्या खोलीसमोर घेतलं. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन सांभाळली होती आणि त्यांचं सगळं शास्त्र त्या कुपीत होतं. "कोरडं पडलं, की यंत्र रडतं," ते म्हणायचे. त्यांनी माझ्या साखळीला तेल दिलं, क्लचच्या वायरला दिलं, स्टँडला दिलं. मला गुदगुल्या होत होत्या, इतक्या वर्षांनी कुणी मायेने हात लावत होतं. मग त्यांनी पुढचं चाक सोडवलं. आत ब्रेकच्या दोन पट्ट्या असतात, त्या चाकाला आतून घट्ट दाबल्या जातात आणि चाक थांबतं. बाबांनी त्या बघितल्या आणि हळहळले. "अरेरे, किती कोरडं पडलंय बिचारं!"

मित्रांनो, मी ओरडले. मला जमेल तेवढं ओरडले. त्या पट्ट्या कोरड्याच हव्यात! पण बंद गाडीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? बाबांनी दोन्ही पट्ट्यांना निगुतीने, एक थेंबही न सांडता तेल पाजलं. चाक बसवून फिरवलं. ते आवाज न करता फिरतच राहिलं. बाबांची छाती अभिमानाने फुगली. "लोण्यासारखं फिरतंय बघ!"

सोमवारी तिने अर्धा तास हाताशी ठेवून घर सोडलं. गाडी हाताला नवी, आपलाच भरवसा नको म्हणून. अजून अंधारच होता. गल्लीतून सपाट रस्त्याने ती मागच्या ब्रेकवरच आली, कारण वेग असा नव्हताच. मग नदीकडे जाणारा मोठा उतार लागला. खाली चौक, चौकात लाल दिवा, आणि दिव्यापुढून भरधाव जाणारी पावाची गाडी. तिने पुढचा ब्रेक दाबला. काही नाही. आणखी दाबला. हँडलपर्यंत दाबला. मी तशीच पुढे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण ती मुलगी घाबरली तरी डोकं ठिकाणावर असणारी निघाली. मागचा ब्रेक दाबत तिने गिअर तिसऱ्यावर आणला, मग दुसऱ्यावर. मी इंजिनाची सगळी ताकद लावून स्वतःला मागे ओढलं. इतकी किंचाळले, की पाववाला खिडकीतून डोकं काढून बघायला लागला. पांढऱ्या पट्टीवर, बरोबर पट्टीवर, आम्ही थांबलो. तिचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले होते. लाल गाडी असती तर काय झालं असतं, ते मला बोलवत नाही.

ती खाली उतरली. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. तिने मला ढकलत पलीकडच्या पेट्रोलपंपापर्यंत नेलं. तिथे ट्रकवाल्यांसाठी पहाटेच उघडणारं गॅरेज होतं. गॅरेजवाल्याने चाक उघडलं, बोट फिरवलं, वास घेतला.

"ताई, हे तर शिलाई मशीनचं तेल! ब्रेकला तेल कुणी पाजलं?"

तिने घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "दादा, किती वेळ लागेल?"

"पट्ट्या बदलाव्या लागतील. या गाडीच्या पट्ट्या काय, पानाच्या ठेल्यावरसुद्धा मिळतील. वीस-पंचवीस मिनिटं."

बाजूला ठेवलेले पैसे तिथेच कामी आले. गॅरेजवाल्याने आतला भाग पेट्रोलने धुतला, नव्या पट्ट्या बसवल्या, आणि स्वतः एक फेरी मारून ब्रेक दाबून दाखवला. ती सतरा वेळा विचारत होती, "झालं का?" साडेपाच झाले, पावणेसहा व्हायला तीन मिनिटं उरली. मग आम्ही निघालो आणि मित्रांनो, त्या दिवशी मी जशी धावले तशी बारा वर्षांत धावले नव्हते! वारा समोरून होता तरीही! रुग्णालयाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा वरच्या मजल्यावरचं घड्याळ पाच सत्तावन्न दाखवत होतं. ती हेल्मेटसकट जिन्यावर पळाली.

दुपारी घरी आलो तर बाबा फाटकातच फडकं घेऊन उभे. "काय, कशी चालली?"

तिने हेल्मेट काढलं आणि सगळं सांगितलं. उतार, पावाची गाडी, पट्ट्या, तेल. काही लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. बाबांचा चेहरा उतरत गेला. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. "माझ्या हातून," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते माझ्या वाऱ्यालाही उभे राहीनात. मुलगी म्हणायची, "बाबा, चला, चौकापर्यंत सोडते." ते म्हणायचे, "कुठल्या तोंडाने बसू?" पहिल्या पगारात तिने दुसरं हेल्मेट आणलं आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. ते तिथेच लटकत राहिलं. मला खरंच त्यांचा राग आला नव्हता. दोन वर्षं जिन्याखाली मला कुणी चुकीचं तेलसुद्धा घातलं नव्हतं.

मग एका रविवारी बाबा बसने त्या गॅरेजवर पोहोचले. मी मुलीबरोबर आधीच तिथे होते. चाळीस वर्षं यंत्रं उघडणारा माणूस आपल्या निम्म्या वयाच्या गॅरेजवाल्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "तेल कुठे घालायचं ते मला कळतं. कुठे घालायचं नाही, तेवढं दाखवा." गॅरेजवाला जरा ओशाळला. मग एकेक जागा दाखवू लागला, आणि बाबा खिशातून कापडावर खुणा करायचा पांढरा खडू काढून तिथे तिथे फुल्या मारू लागले. पुढच्या चाकावर फुली, मागच्या चाकावर फुली. मी कापायला घेतलेल्या कोटासारखी दिसू लागले. पावसाने फुल्या धुऊन गेल्या, की बाबा परत मारायचे. रुग्णालयाच्या वाहनतळात बाकीच्या गाड्या मला हसतात. हसू देत!

आणि आता आजचं. आज तीन महिने पूर्ण झाले. दुपारी पाळी संपल्यावर ती जिन्यावरून धावत आली, एक कागद माझ्या टाकीवर पसरला आणि मला म्हणाली, "कायम! कायम झाले गं मी!" सगळ्यांत आधी तिने मला सांगितलं! मी आल्यापासून एकदाही उशीर नाही. थंडीत तीन किका, पण उशीर नाही.

घरी बाबांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग माझ्यापाशी आले. खडूच्या फुल्या एकेक करून बघितल्या, हँडल धरलं, पुढचा ब्रेक दाबला आणि मला पुढे ढकललं. मी हलले नाही. त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून ढकललं. मित्रांनो, माझी चाकं जमिनीत रोवल्यासारखी उभी राहिली. बाबा क्षणभर तसेच वाकून थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते दारापाशी गेले आणि खिळ्यावरचं हेल्मेट काढलं.

तुमच्याही घरात एखादी गाडी असेल, सायकल असेल, पंखा असेल. त्यांना जीव लावा, वर्षानुवर्षं पडद्याखाली ठेवू नका. पण हात लावण्याआधी जाणकाराला विचारा, मग तुमचे केस पांढरे झालेले का असेनात. आम्हाला ओरडून सांगता येत नाही हो. आणि पहिली गाडी घ्यायला जाल तेव्हा मागच्या भिंतीपाशी कोण उभं आहे तेही बघा. इंजिनावर हात ठेवून बघा.

आता मला निघायला हवं. मुलीने चोक ओढलाय. बाबा मागे बसलेत, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाशी मोठ्याने सांगतायत, "ब्रेक मी बघितलाय. जरा जोरात घे!"